क्लोरोक्विनवाल्या मेसेजबद्दल खुलासा

‘क्लोरोक्विन कोरोनाला पेशीत शिरूच देत नाही, लॅबमध्ये सिद्ध झालंय’ असा मलेरियाच्या या औषधाबद्दलचा मेसेज परत फिरतोय आणि मीही तो पुढे पाठवला होता, ती माझी चूक, म्हणून हे लिहितोय.

लॅबवाली गोष्ट खोटी नाहीये, पण अर्धी आहे. २०२० च्या सुरुवातीला जे प्रयोग झाले ते व्हेरो पेशींवर, म्हणजे आफ्रिकन माकडाच्या किडनीतून आलेल्या पेशी, लॅबमध्ये छान वाढतात म्हणून सगळे वापरतात. आता या पेशींच्या पृष्ठभागावर टीएमपीआरएसएस२ नावाचं एन्झाइम जवळपास नसतंच, त्यामुळे व्हायरसला आधी पेशीच्या आतल्या आम्लयुक्त पिशवीत जावं लागतं आणि तिथे कॅथेप्सिन एल नावाचं दुसरं एन्झाइम त्याचा स्पाइक (म्हणजे व्हायरसवरचं काट्यासारखं प्रोटीन) कापतं, मगच तो सुटतो. क्लोरोक्विन त्या पिशवीतलं आम्ल कमी करतं म्हणून व्हायरस अडकतो. पण आपल्या फुप्फुसाच्या पेशींत टीएमपीआरएसएस२ असतं, स्पाइक बाहेरच कापला जातो, पिशवीची गरजच उरत नाही!

त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात कालू-३ या माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवरचा प्रयोग छापून आला, तिथे क्लोरोक्विनने व्हायरस थांबला नाही. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या ट्रायलमध्येही हॉस्पिटलमधल्या कोरोना पेशंटना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, म्हणजे क्लोरोक्विनचंच भावंड औषध, देऊन बघितलं, मृत्यू कमी झाले नाहीत.

मला हे सगळं मूळ पेपर वाचल्यावर कळलं, आधी वाचायला हवं होतं. तेव्हा प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हे पाठवा, आणि हे औषध मनाने घेऊ नका, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.