‘वकील येईपर्यंत तोंड उघडू नका’ : कस्टमच्या चौकशीबद्दलचा एक महागात पडणारा सल्ला

एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. विमानतळावर कस्टमवाल्यांनी बाजूला घेतलं तर गप्प बसा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मुळे वकील शेजारी बसल्याशिवाय ते प्रश्न विचारूच शकत नाहीत. आणि विचारलेच, तर तसा जबाब कोर्टात टिकत नाही. वाचून धीर येतो खरा, पण या भरवशावर राहणारा माणूस गोत्यात येईल.

आधी अनुच्छेद २२. तो बोलतो अटक झालेल्या माणसाबद्दल. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. कस्टम कायदा, १९६२ च्या कलम १०८ खाली समन्स देऊन बोलावलेला माणूस अटकेत नसतो आणि कायद्याच्या लेखी अजून आरोपीही नसतो. जबाब देताना आपल्या पसंतीचा माणूस सोबत हवा, ही मागणी पूलपांडी खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे आली होती. १९९२ मध्ये कोर्टानं ती फेटाळली. कायद्याचं कलम १४६अ तर आणखी स्पष्ट आहे. इतर कामांत तुमच्या वतीनं प्रतिनिधी चालतो, पण कलम १०८ खाली शपथेवर जबाब द्यायला तुम्हीच जायचं.

मग वकिलाला काहीच जागा नाही? आहे, पण दाराबाहेर. सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये विजय सजनानी प्रकरणात वकिलाला दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर थांबायची मुभा दिली, आणि फेब्रुवारी २०२५ मधल्या राधिका अगरवाल निकालानं चौकशीला सामोऱ्या जाणाऱ्याचा तेवढा हक्क मान्य केला. म्हणजे चित्र साधारण असं : काचेचं दार, आत टेबलाशी तुम्ही आणि अधिकारी, बाहेर बाकावर वकील. कुणी हात उगारला तर त्याला दिसेल. ‘ही बॅग कुणी दिली?’ हा प्रश्न मात्र ऐकू येणार नाही, मग उत्तर सुचवणं दूरच. मला स्वतःला ही सोय अपुरी वाटते, कारण धमकी द्यायला आवाज चढवावा लागत नाही. पण आज मिळतं ते एवढंच, आणि तेही मागावं लागतं. लेखी मागा, पोच घ्या.

गप्प बसण्याचा सल्ला तर सरळ अंगाशी येणारा. कलम १०८ खाली बोलावलेल्यानं हजर राहायचं आणि खरं सांगायचं, असं बंधनच आहे. ही चौकशी न्यायिक कार्यवाही मानली जाते, त्यामुळे तिथे रचून सांगितलेली गोष्ट म्हणजे खोटी साक्ष.

आता ‘जबाब टिकत नाही’. हा गैरसमज कुठून आला ते कळतं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे आपण ऐकून असतो. पण कस्टमचा अधिकारी म्हणजे पोलीस नव्हे, हे रमेशचंद्र मेहता खटल्यात १९६८ मध्येच ठरलं. त्यामुळे कलम १०८ खालचा जबाब आरोपीविरुद्ध वापरला जातो. अमली पदार्थांची गोष्ट निराळी : त्या कायद्याच्या कलम ६७ खालचा जबाब कबुली म्हणून वापरता येत नाही, असं तोफान सिंग निकालानं २०२० मध्ये सांगितलं. सोन्याच्या प्रकरणात हा निकाल दाखवून उपयोग नाही.

मारून किंवा धमकावून घेतलेला जबाब ग्राह्य नसतो, हे खरं. पण तसं घडलं असेल तर पहिल्या संधीलाच लेखी नाकारावा लागतो. मॅजिस्ट्रेटपुढे नेलं असेल, तर तिथेच सांगा. खटला उभा राहिल्यावर दोन वर्षांनी आठवलेल्या धमकीकडे कोर्ट संशयानंच पाहतं. म्हणून सहीपूर्वी प्रत्येक पान वाचा. भाषा कळत नसेल तर वाचून, समजावून मागा.

या मेसेजमध्ये नसलेला एक हक्क मात्र पक्का आहे. अंगझडती घेण्याआधी ‘मला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्या’ असं कलम १०२ खाली म्हणता येतं, आणि स्त्रीची झडती स्त्रीनंच घ्यायची असते. त्यासाठी वकील लागत नाही, पण गप्प बसून हा हक्क मिळत नाही.