पदर उलटा करून बघा

अस्सल पैठणी कशी ओळखावी यावरच्या तुमच्या लेखात खूण म्हणून मोर आणि जर एवढंच दिलंय. अहो, मोर तर यंत्रमागाच्या साडीवरही नाचतो! पदर उलटा करून बघा. हातमागावर नक्षीतल्या प्रत्येक रंगाची कांडी, म्हणजे धागा गुंडाळलेली नळी, वेगळी फिरते, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. नकलेच्या मागे सुटे धागे लोंबतात. मी फसलेय ना एकदा, 'अस्सल येवला' म्हणून गळ्यात मारली आणि नेसताना मागच्या धाग्यांत बांगडी अडकली. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन, म्हणजे मूळ ठिकाणाच्या नावाला कायद्याचं संरक्षण, मिळालं तरी नकला आहेतच.

आमच्या गुहागरात खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. आईच्या पैठणीची चांदीची जर काळवंडलीच. आता मलमलीत गुंडाळते, गौरी गेल्या की सावलीत वाऱ्यावर टाकून घडी बदलते. डांबरगोळ्या मात्र जरीला टेकू देऊ नका.