किती जीबीची टाकू, गुरुजी?

बनी तो बनी, नहीं तो परभणी. आमच्या लॅपटॉपचा कारभार बरेच दिवस याच तत्त्वावर चालला होता. एक्सेल उघडलं की ब्राउझर झोपायचा, ब्राउझर उठला की पंखा असा ओरडायचा की बायको आतून विचारायची, कुलर कुणी लावला म्हणून. ४ जीबी रॅम, म्हणजे काम चालू असताना लॅपटॉप जेवढं डोक्यात धरतो ती मेमरी, आणि त्यावर शाळेची ऑनलाइन माहिती भरायची! सगळ्यांचं एकमत झालं, रॅम टाका.

आता रॅम म्हटलं की जो तो एकच विचारतो, किती जीबीची? मेव्हणा म्हणला ८ करा, त्याचं पोरगं म्हणलं १६ च्या खाली आजकाल काही खरं नाही मामा. अरे पण जीबीचं नंतर बघू, ती आधी आत बसली तर पाहिजे ना!

स्टेशन रोडच्या एका दुकानात गेलो तर त्यानं चांगली वीतभर पट्टी काढून टेबलावर ठेवली. डेस्कटॉपची. लॅपटॉपची जेमतेम पावणेसात सेंटिमीटरची असते, हे मला माहीत आणि दुकानदाराला नाही. पुढच्या दुकानात साईज बरोबर निघाली, पण ती डीडीआर४, म्हणजे रॅमची पुढची पिढी, माझा लॅपटॉप आधीच्या डीडीआर३ वाला, एकीला २६० पिना, दुसरीला २०४, मधली खाच पण वेगळ्या जागी. तर तो म्हणतो कसा, "जरा दाबा की सर, बसती." वर रॅमसोबत अँटिव्हायरस घ्यावाच लागंल म्हणे, म्हणजे खताच्या दुकानात युरियासोबत नको ती बाटली गळ्यात मारतात ना, ते लिंकिंग इथं पण पोचलंय.

खरी मजा पुढं. माझा प्रोसेसर फोर्थ जनरेशनचा, त्याला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. साधी डीडीआर३ असते १.५ ची. दिसायला दोघी सारख्या, खाच पण सारखी, त्यामुळं चुकीची पण मुकाट्यानं बसते आणि मग स्क्रीनच येत नाही. हे मी तिसऱ्या दुकानदाराला सांगितलं तर तो खो खो हसायला लागला. "गुरुजी, पॉइंट पंधरा व्होल्टनं काय होतंय? आपल्याकडं लाईट कधी १८० कधी २६०, टीव्ही चालतोच की!" यावर काय बोलणार, मुद्दा बिनतोड होता, फक्त लॅपटॉपला कोण सांगणार.

मग मी जुनी पट्टीच काढून खिशात घातली आणि लेबल वाचत बसलो. पीसी३एल-१२८००एस. हे १२८०० काय, तर स्पीड १६०० आणि त्याला ८ नं गुणायचं. गणिताचा मास्तर आहे, बरं वाटलं. पण १३३३ च्या पट्टीवर १०६०० लिहितात, गुणाकार येतो १०६६४, वरचे ६४ कुणी खाल्ले? आमच्या सातवीच्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी अर्धा मार्क कापला असता. बरं ही १३३३ वाली १६०० च्या शेजारी बसवली तर दोघी १३३३ नंच चालणार, म्हणून ती पण नको.

शेवटी एका रिपेरिंगवाल्या पोराकडं सापडली. मराठवाड्यात जे नव्यात मिळत नाही ते जुन्यात मिळतंच. त्यानं जुन्या लॅपटॉपमधून पट्टी काढली, लेबलावर बारीकसा एल होता, मी चष्मा वर करून दोनदा बघितला. पोरगं म्हणलं, "गुरुजी, खोडरबर हाय का?" खिशात होतंच. त्यानं सोनेरी पिना घासल्या, पट्टी तिरकी घातली, खाली दाबली, खट्ट. स्क्रीन काळी. काळीच. मी मनातल्या मनात त्या पॉइंट पंधरावाल्याला शिव्या घालायला सुरुवात केली तेवढ्यात उजेड पडला, ८ जीबी!

"आता हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, मग बगा कसा पळतो," पोरगं म्हणलं. "त्यात पण लई प्रकार हैत. साटा, एनव्हीएमई..."

"पुढच्या पगाराला बघू," म्हणलं आणि बॅगेची चेन लावली.