वही मिटल्यावर काय उरतं?

इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला एम-थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, केटी लागली, म्हणजे नापास होऊन तो विषय परत द्यायची वेळ आली, तेव्हा घरी सांगायला मला दोन दिवस लागले. कारण अभ्यास केला नव्हता असं नव्हतंच. अख्खी पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, अभ्यासिकेत बसून काढली होती, रोज नऊ-दहा तास. पेपरात लाप्लासचं गणित आलं. वहीचं ते पान डोळ्यांसमोर दिसत होतं, कोपऱ्यातली हायलायटरची पिवळी खूणसुद्धा दिसत होती. पुढची पायरी मात्र काही केल्या आठवेना.

एका सीनियर ताईने विचारलं, "वही मिटून कधी लिहून बघितलंस?" नव्हतं बघितलं. त्या रात्री कोरा कागद घेतला आणि पाठ आहे असं वाटणाऱ्या धड्यातल्या जेमतेम चार ओळी उतरल्या. रडूच आलं.

नंतर कळलं की यावर नीट प्रयोग झालेले आहेत. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने त्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आपण परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतो आणि "झालं" म्हणतो ना, ती पाच मिनिटांवालीच खात्री असते.

घरात, हॉस्टेलवर सगळे विचारतात, "किती तास झाला अभ्यास?" मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. तास मोजायची सवय लागली की माणूस खुर्ची धरून बसतो, एवढंच.

वेळेचं म्हणाल, तर बदलापूरहून येऊन-जाऊन माझे तीन तास लोकलमध्ये जातात. आधी वाटायचं, ते फुकटच. लेडीज डब्यात उभं राहायला मिळालं तरी नशीब, तिथे वही कुठे उघडणार? पण आठवायला वही लागत नाही. सकाळच्या लेक्चरला काय झालं, ते परतताना क्रमाने मनात मांडायचं. अडलं की ती जागा लक्षात ठेवायची आणि घरी जाऊन तेवढंच बघायचं, वीस मिनिटांत होतं. जर्नल सबमिशनच्या आठवड्यात हे कोलमडतं, माझंही कोलमडतं. पुढच्या सोमवारी परत सुरू करते.

केटी सुटली. आता ज्युनिअर मुलींची पीएल सुरू होतेय. आपल्या लाइनवरच्या कुणाला जोडीने करायचं असेल, तर संध्याकाळी माझ्यासोबत चला. ठाण्यापर्यंत मी तुम्हाला प्रश्न विचारेन, पुढे तुम्ही मला विचारा.