वळं घालाल, पण त्याची नोंद कुठे?

नाशिकच्या निसर्गप्रेमी व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या गावी राहायला आलात, ओळखपाळख नाही, तर बर्ड रिंगिंगचा छंद लावून घ्या. इंग्लंडमध्ये साधी माणसं परसात जाळं लावून पक्षी धरतात, पायात वळं घालतात आणि सोडतात. चिमणी-बुलबुलाला परवाना लागत नाही. वळी ऑनलाइन मिळतात. पक्ष्याला काही होत नाही, आणि विज्ञानाला मदत होते. सुरुवात नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर करा, असंही वर सुचवलंय.

मी सहा वर्षांपूर्वी कोल्हापूरहून इथे आले. पक्ष्यांमुळेच हे शहर मला आपलं वाटायला लागलं, म्हणून हा मजकूर वाचून गप्प बसवेना. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. मजकूर मात्र चुकीचा आहे.

इंग्लंडपासून सुरू करू. तिथे हजारो हौशी माणसं रिंगिंग करतात, हे खरं. पण परवान्याशिवाय रानपक्षी पकडणं तिथेही गुन्हाच आहे. शिकाऊ माणूस अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली बहुधा वर्ष-दोन वर्षं काढतो, मग त्याला मर्यादित परवाना मिळतो. नव्या गावी गेलेला नवशिक्या आधी जवळपासचा गट आणि प्रशिक्षक शोधतो. जाळ्याची पाळी त्यानंतर येते. फिरत्या मजकुरात नेमका हाच भाग गाळलाय.

आपल्याकडे तर नियम आणखी कडक आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. पकडणं, फासात अडकवणं, आमिष दाखवणं, इतकंच काय, तसा प्रयत्न करणंही तिच्यात येतं. संशोधनासाठी पक्षी पकडायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि ती छंद म्हणून मिळत नाही. परवाना फक्त वाघ-बिबट्यासाठी असतो, हा गैरसमज आहे. बुलबुललाही याच कायद्याचं संरक्षण आहे. नांदूर मध्यमेश्वर तर १९८६ पासून अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे जाळं लावायला सांगणं म्हणजे नवख्या माणसाला सरळ गुन्ह्यात ढकलणं.

आता ‘पक्ष्याला काही होत नाही’ हे वाक्य. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

दोन वर्षांपूर्वी दिंडोरीजवळ मैत्रिणीच्या द्राक्षबागेत गेले होते. घड वाचवायला वर जाळी टाकलेली, आणि तिच्यात एक बुलबुल अडकलेला. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. नायलॉनचा एक पीळ पंखाच्या सांध्याखालून गेला होता, दुसरा मांडीभोवती, आणि पक्षी चोच उघडून ओरडत होता म्हणून तिसरा थेट जिभेमागे. एक सोडवायला गेलं की दुसरा आवळायचा. शेवटी मैत्रिणीच्या सासऱ्यांनी कात्री आणली, म्हणाले, “ताई, ओढू नका, जाळी गेली तरी चालंल.” एकेक धागा कापत वीस मिनिटं गेली. सुटल्यावर तो जमिनीवर पंख पसरून बसून राहिला. बऱ्याच वेळाने उडाला. पुढे तो जगला का, मला माहीत नाही.

त्या दिवशी माझी मूठही चुकली होती, हे मला नंतर कळलं. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, नसतं. छाती हलली तरच त्याचा श्वास चालतो, त्यामुळे प्रेमानेही छाती घट्ट धरली तर तो गुदमरतो. शिंजिराचं, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या सनबर्डचं, वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम. कोणत्या बोटांत मान, कुठे पंख, किती वेळाने जाळं तपासायचं, ऊन-वारा वाढला की केव्हा गुंडाळायचं, हे सगळं शिकलेल्या हातात इजा क्वचित होते. व्हिडिओ पाहून ते हातात येत नाही.

वळ्याचं तर मूळच विसरलं गेलंय. १८९९ मध्ये डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमची वळी घातली. त्यांवर क्रमांक होता आणि पत्ता होता. पक्षी दुसरीकडे कुणाला सापडला तर खबर परत यावी, यासाठी. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९२७ मध्ये हे काम हाती घेतलं, आणि १९५९ पासून सलीम अलींच्या पुढाकाराने ते मोठ्या प्रमाणावर झालं. त्या वळ्यावरचा प्रत्येक आकडा वहीत असतो: पक्षी कोणता, कुठे, कधी, पंख किती लांब, वजन किती. ऑनलाइन मिळतात ती बहुधा कबुतरं पाळणाऱ्यांची वळी. त्यांच्यामागे अशी वही नाही. मापही रानपक्ष्याच्या पायाचं नाही, सैल वळं सांध्यावर घसरतं नि घट्ट वळं पाय सुजवतं. यातून विज्ञानाला काहीच मिळत नाही, आणि पक्ष्याला ते ओझं जन्मभर वागवावं लागतं.

नवं गाव ओळखायला पक्षी उत्तम, एवढी एक गोष्ट मजकुरात बरोबर आहे. त्यासाठी दुर्बीण आणि वही पुरते. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तिथे नवख्यांना सोबत घेतात. आणि रिंगिंगचीच ओढ असेल तर दुसऱ्यांनी घातलेली वळी वाचा. मंगोलियात गळ्यात पट्टे घातलेले पट्टकदंब हंस भारतात दिसले आहेत, ते कुणीतरी लांबून नीट पाहिले म्हणूनच कळलं. रंग कोणता, कोणत्या पायात, वर की खाली, अक्षरं काय, एवढं टिपायचं, फोटो काढायचा आणि मुंबईला सोसायटीकडे पाठवायचं.

गेल्या हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूला मला एक तुतारी दिसली, चिखलात चरणारा छोटा पाणपक्षी, पायावर छोटी पट्टी असलेली. दोन अक्षरं वाचता आली, तिसऱ्यावर चिखल होता. दीड तास दुर्बिणीला डोळा लावून बसले. ती एकदा पाण्यात उतरली, पाय धुतला जाईल असं वाटलं, तेवढ्यात घार आली आणि सगळा थवा उठला. पुढच्या रविवारी पहाटेच्या गाडीने पुन्हा गेले.