शीट म्हणजे चादर नव्हे

भाच्याचा फोन आला, "मामा, रविवारी भोपाळला या. बड्या तलावात होडी काढतोय. तुम्ही फक्त पुढच्या शिडाला शीटा लावा." मी इंदूरहून दोन धुतलेल्या चादरी घेऊन गेलो. होडीवाले शीट दोराला म्हणतात, हे मला काठावर चारचौघांत कळलं.

"पुढच्या रविवारी गाठ शिकून या," भाचा म्हणाला.

मग गच्चीवर सराव. जिब म्हणजे पुढचं तिकोनी शीड. त्याच्या मागच्या खालच्या कोपऱ्यातल्या कडीत दोन दोर अडकवायचे, एक डावीकडून, एक उजवीकडून. शीड म्हणून चादर होतीच. बोलाईन गाठीचा मंत्र असा (ससा म्हणजे दोराचं टोक): ससा बिळातून बाहेर येतो, झाडाला वळसा घालतो, परत बिळात जातो. माझा ससा वळसा घालून थेट सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला जायचा. परत यायचं नाव नाही.

वैतागून मी दोराला लोखंडी कडी लावली. खट् केलं की काम झालं! पण संध्याकाळी माळव्याचा तो सुप्रसिद्ध वारा सुटला, चादर फडफडली आणि कडी कपाळावर बसली. खऱ्या शिडाची कडी दातही पाडते म्हणे. भाच्यानं फोनवर डायनीमा नावाच्या चिवट धाग्याची मऊ कडी सुचवली. दोराचीच, कुडत्याच्या गुंडीसारखी फासात अडकणारी. किंमत ऐकून मी टेंगूळ चोळत बसलो.

"काय करून राहिलास रे?" म्हणत आई वर आली. रेल्वेत बॅग ओळखू यावी म्हणून ती मुठीला लाल दोरा बांधते. तिनं दोर मधोमध दुमडला, कडीतून घातला, दोन्ही टोकं त्या दुमडीतून ओढून घेतली. झालं. चपटी गाठ, कुठे अडकायची भीती नाही. एक बाजू झिजली तर अख्खा दोर बदलावा लागतो, एवढीच खोट. माझा आठवडा गेला होता, तिचं वरण गॅसवर होतं.

रविवारी ऐटीत गेलो. होडीवर दोर दोन, वेगवेगळे. आईची गाठ बाद.

ससा कसाबसा दोनदा बिळात घातला. होडी वळवली तशी माझी लठ्ठ गाठ डोलकाठीच्या तारेला अडकली आणि शीड उलटं फुगलं.

"मामा, पुढे जाऊन सोडवा!"

गेलो, सोडवली. मोकळं झालेलं शीड गाठीसकट कपाळावर आलं.

बायकोनं दार उघडलं, दोन्ही टेंगळं पाहिली आणि विचारलं, "चादरी आणल्यात का परत?"