हुलग्याचे शेंगोळे, पातीचा लसूण आणि ‘उगाचचे नियम’

नमस्कार,

थंडीतल्या गरम जेवणावरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात हे तुमच्या प्रतिक्रियेतून कळतं, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. लसूण ठेचून जरा बाजूला ठेवा, कोथिंबीर दोनदा घाला, आल्याच्या चहात दूध सगळ्यात शेवटी, हे आजीच्या काळातले उगाचचे नियम आहेत. ओवा-सुंठ ‘उष्ण’ असतात ही अंधश्रद्धा आहे. ठाण्या-मुंबईत थंडी पडते कुठे? आणि वाळवलेल्या मिश्र हर्ब्सची बाटली आणून सूप केलं तर तीच ऊब पंधरा मिनिटांत मिळते. शेवटी तुम्ही लिहिलंत, “अशा नियमांमुळेच नव्या मुली स्वयंपाकाला घाबरतात.”

हे शेवटचं वाक्य मला लागलं. शिकणाऱ्याला भीती वाटते ती कारण न सांगता दटावल्यामुळे. कारण कळलं की माणूस नियम पाळतो, वाकवतो किंवा सरळ सोडून देतो, आणि तिन्ही वेळा त्याला ठाऊक असतं आपण काय करतोय. म्हणून कारणांकडेच जाते.

लसणापासून सुरुवात करू, कारण शेंगोळ्यांचा (हुलग्याच्या पिठाच्या, रश्श्यात शिजवलेल्या वळ्यांचा) जीव त्याच्यात आहे. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ॲलिन नावाचा एक पदार्थ आणि त्याच्यावर काम करणारं ॲलिनेज हे विकर (एन्झाइम), दोन्ही पाकळीच्या पेशींत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होतं. नाकाला झोंबतो तो दर्प त्याचाच. हे विकर उष्णतेने निकामी होतं. ठेचल्या ठेचल्या लसूण कडकडीत तेलात टाकला तर हे काम मधेच थांबतं, दोन-तीन मिनिटं थांबलात तर पुरं होतं. अख्खी पाकळी रश्श्यात उकळली तर ती गोडसर, मऊ होते; ती चवही चांगलीच, पण ती वेगळी.

आता हुलग्याचं पीठ घ्या (कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तेच). त्याला एक उग्र, मातकट चव असते. जुन्नर-आंबेगावकडे किंवा नगर जिल्ह्यात ज्यांनी शेंगोळे खाल्लेत त्यांना ही चव हवीच असते, पण तिला तोलून धरणारं काहीतरी लागतं. म्हणून लसूण तीन जागी येतो. जिरं-मिरचीबरोबर वाटून पिठात, म्हणजे तो आतून शिजतो. ठेचून फोडणीत, म्हणजे तो तांबूस होऊन खमंग लागतो. आणि थंडीत मिळाली तर बारीक चिरलेली लसणाची पात, आच बंद केल्यावर वरून. एकच लसूण, पण ताटात त्याच्या तीन चवी. यातली एक गाळलीत तर शेंगोळे बिघडणार नाहीत, फक्त एक चव कमी होईल. पिठातला लसूण मात्र गाळू नका एवढं मी आग्रहाने सांगेन.

कोथिंबिरीचंही असंच. तिच्या पानांचा वास ज्या संयुगांतून येतो ती फार लवकर उडून जातात. दहा मिनिटं उकळलेल्या कोथिंबिरीत रंग उरतो, वास नाही. देठ जास्त दमाचे असतात. म्हणून देठ वाटणात आणि पानं शेवटी. याच्या उलट जिरं, मोहरी, ओवा यांचा सुगंध तेलात नीट विरघळतो आणि तेलाबरोबर सगळ्या पातेल्यात पसरतो, म्हणून त्यांची जागा फोडणीत, अगदी पहिली.

आल्याच्या चहाबद्दल तुम्ही जरा घाईने लिहिलंत असं मला वाटतं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं. कोमट दुधात कच्च्या आल्याचा रस पडला की दूध फुटू शकतं. चीनमध्ये तर याच गुणावर आल्याच्या रसाने दूध घट्ट करून एक गोड पदार्थ करतात. आलं आधी पाण्यात चांगलं उकळलं की विकर निष्प्रभ होतं आणि मग घातलेलं दूध सुखरूप राहतं. गवती चहाची पानं मात्र मी उकळी आल्यावर घालते आणि झाकण ठेवते, कारण त्यातलं सिट्रल, जे लिंबाच्या सालीतही असतं, वाफेबरोबर निघून जातं.

‘उष्ण’ या शब्दावर तुम्ही रागावलात. ओव्याने सर्दी बरी होते किंवा सुंठीने ताप उतरतो असं मी लेखात कुठेही लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. आजारासाठी डॉक्टर आहेत. पण मिरी, मिरची, आलं खाल्ल्यावर तोंडात जी ऊब वाटते ती खोटी नाही. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक ग्राहक (संवेदना टिपणारं प्रथिन, रिसेप्टर) असतो. तो साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेने जागा होतो, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही होतो. हा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत विभागून मिळालं. मिरीतलं पिपेरीन आणि आल्यातलं जिंजरॉल हेही याच ग्राहकाला चाळवतात. आलं वाळून सुंठ होताना जिंजरॉलचा काही भाग शोगाओलमध्ये बदलतो आणि ते आणखी तिखट असतं; म्हणून आळिवाच्या किंवा डिंकाच्या लाडवात सुंठ चिमटीनेच घालतात. आपल्या घरांतल्या बायकांनी हे जिभेने ओळखलं होतं. त्याला अंधश्रद्धा म्हणणं मला पटत नाही, आणि त्यावरून औषधाचे दावे करणंही पटत नाही.

आता तुमची बाटली. तिच्याशी माझं भांडण नाही. थाइम, ओरेगॅनो, रोझमेरी या भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या डोंगरउतारावरच्या वनस्पती. पानं लहान, चिवट आणि तेलाने भरलेली, त्यामुळे वाळवल्यावरही वास टिकतो. थाइममधलं थायमॉल आपल्या ओव्यात भरपूर असतं. कुंडीतल्या पानओव्यात, ज्याची आपण भजी करतो, बहुधा कार्व्हॅक्रॉल जास्त असतं, आणि ओरेगॅनोचा वास मुख्यतः त्याचाच. तेव्हा तुमचं थाइम तुम्ही हुलग्याच्या कढणात घातलंत तर मला आनंदच होईल. फक्त ते सुरुवातीला तेलात पडू द्या, वरून भुरभुरू नका. पण त्याच बाटलीत वाळवलेली पार्स्ली किंवा कोथिंबीर असेल तर तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. मऊ पानांचा वास वाळताना जवळजवळ सगळा जातो. कसुरी मेथी हा सुखद अपवाद.

आणि काही गोष्टींना बाटलीचा पर्यायच नाही. रायगडात थंडीत पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डा नावाच्या रानवनस्पतीचा ताजा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, कोणी बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडीही घालतं. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं शेतात उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा-पालापाचोळा रचून पेटवतात. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. अर्ध्या-पाऊण तासात शेंगा शिजतात त्या स्वतःच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर, आणि भांबुर्ड्याचा कडवट, धुरकट वास दाण्यापर्यंत उतरतो. तो पाला कोणी खात नाही, तरी त्याच्याशिवाय पोपटी नाही. ताजा पाला हवा हा हट्ट मी धरते तेव्हा माझ्या मनात हे मडकं असतं.

ठाण्यात थंडी नाही, हे मान्य. निफाडचा पारा बातम्यांत येतो, वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, ठाण्यात पंखा फार तर एकाने कमी होतो. पण थंडी बाजारातही येते. पातीचा लसूण, सोलाणे, पावट्याच्या शेंगा, ओली हळद, कोवळी मेथी, शेपू हे सगळं याच महिन्यांत भाजीवाल्यांकडे स्वस्त आणि ताजं असतं. भोगीच्या भाजीत हे सगळं एकत्र येतं, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ती ठाण्यातही तितकीच चांगली लागते.

लसणाची पात तुमच्याकडे मिळत नाही असं तुम्ही लिहिलंत. कोंब आलेल्या पाकळ्या टोक वर ठेवून कुंडीत खोचा, माती ओलसर ठेवा. तीनेक आठवड्यांत कापण्याजोगी पात येते, आणि कापल्यावर पुन्हा थोडी फुटते.

मापांची तुमची तक्रार योग्य आहे, लेख लांबला म्हणून ती दिली नव्हती. चौघांसाठी दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं. दहा-बारा पाकळ्या लसूण, चमचाभर जिरं, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबिरीचे देठ वाटून त्यातलं दोन तृतीयांश वाटण हळद-मिठासह पिठात, उरलेलं जिरं-मोहरीच्या फोडणीत. पीठ घट्ट मळा, हाताला तेल लावून बोटाएवढ्या लांब वळ्या वळा आणि टोकं जोडा. फोडणीवर सहा-सात वाट्या पाणी घालून खळखळून उकळी आली की शेंगोळे एकेक करून सोडा. पहिली पाच मिनिटं डाव लावू नका, मोडतील. वीस मिनिटं शिजवा. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून ओतलंत की रस्सा दाटसर होतो. आच बंद केल्यावर कोथिंबिरीची पानं आणि पात घाला. सोबत भाकरी, कच्चा कांदा आणि वरून चमचाभर तूप किंवा कच्चं शेंगदाण्याचं तेल. कधी केलेत तर पिठातला लसूण तुम्हाला जास्त झाला की कमी, ते नक्की कळवा.